बावपाड्याचं पाणी

मेबलबाय बसमध्ये चढली की कंडक्टर कपाळाला हात लावायचे. ती बावपाड्याचं तिकीट मागायची, आणि बावपाडा नावाचा स्टॉप आता राहिलाच नव्हता. म्हणजे स्टॉप होता तिथेच होता, खांबही तोच, फक्त पाटी बदलून तिच्यावर 'कंपनी गेट' आलं होतं. कंडक्टर समजुतीने सांगायचा, "बाई, कंपनी गेट म्हणा ना." ती म्हणायची, "कंपनीत उतरायला मी काय मशीन हाय? मी माझ्या गावात उतरते." मागचे लोक कुरकुरायचे, कंडक्टर पंच टकटक वाजवत राहायचा, आणि शेवटी तोच हरायचा. मी तिच्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत हसू दाबायची.

बाव म्हणजे विहीर. अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्याही पुढे, एका दगडी बावीभोवती वसलेली ख्रिस्ती लोकांची वस्ती म्हणून बावपाडा. कौलारू घरं, मधोमध चौथऱ्यावर क्रूस, आणि पलीकडे टेकडीपर्यंत भाताची खाचरं. मी जन्माने गिरगावची. लग्नानंतर चौसष्ट साली आमच्या ह्यांनी मला इथे आणून टाकलं तेव्हा मी पहिल्या संध्याकाळी बेडकांचं ओरडणं ऐकून रडले होते. हे म्हणजे श्यामकांत. पार्ल्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला गिरगावात बिऱ्हाड परवडत नाही हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. मेबलबायने तिच्या घराची मागची बाजू आम्हाला दिली. ती, तिचा नवरा कॉस्मस आणि मुलगी पेट्रिशिया पुढे, आम्ही मागे, मध्ये एक भिंत आणि एक ताट.

त्या ताटाचं सांगायलाच हवं. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी मेबलबायने निळ्या फुलांच्या एनॅमलच्या ताटात फुगे पाठवले. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे टम्म तळलेले गोळे, त्यांच्याकडे लग्नाकार्यात केल्याशिवाय राहत नाहीत. आता शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत करणार? मी शिरा घालून पाठवलं. रिकामं परत करणं तिच्याही रीतीत बसत नव्हतं. तिने केळी घालून पाठवलं. झालं, तेव्हापासून ते ताट दोन्ही घरांत फिरत राहिलं, आणि ते आता कोणाचं यावर पुढे आमचं एकमत होईना. भांडणाच्या दिवसांतसुद्धा ते फिरलं. एकदा कोंबड्यांवरून आमचा अबोला होता, तर तिने ताटात नुसतं मीठ घालून पाठवलं. पण पाठवलं.

मग सरकारने कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या. खाचरं गेली. पंख्यांची एक कंपनी आली, तिची उंच भिंत आली, आणि बाव भिंतीच्या आत गेली. पाड्यात नळ आला, हे खरं. कॉस्मसला शेताच्या जागी कंपनीची चिमणी बघवत नव्हती. तो दाराकडे पाठ करून बसू लागला आणि एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेला. मेबलबाय मात्र रोज सकाळी दारात उभी राहून भिंतीकडे बघायची. कशाला बघतेस म्हटलं तर म्हणायची, "बाव तिकडं हाय ना. बघायला नको?"

ह्यांचं त्या सुमाराला एक लिखाण चाललं होतं, 'जागा आणि ठिकाण' या विषयावर. मी मटार सोलायला बसले की हे समोर येऊन बसायचे आणि सुरू व्हायचे. म्हणायचे, "वसू, जागेला टेप लावता येते. लांबी, रुंदी, संपलं. ठिकाणाचं तसं नाही. माणसं जिथे पुन्हा पुन्हा जातात, काहीतरी करतात, तिथे ठिकाण तयार होतं. संस्कृती म्हणून आपण जे काही शिकतो ते सगळं कुठल्या तरी ठिकाणी उगवलेलं असतं. ते उपटून अभ्यासाला घेतलं की नुसती पेंढी हातात राहते." मी म्हणायची, "दोन खोल्यांत राहून जागेवर एवढं लिहिणारे तुम्हीच. जरा ते ठिकाण सोडा, मला केर काढायचाय." हे निमूट उठून दुसरीकडे बसायचे. चिडायचे नाहीत कधी. त्याचाच मला जास्त राग यायचा.

सत्तर सालच्या जानेवारीत पेट्रिशियाचं लग्न ठरलं. मुलगा बोरिवलीचा, एडवर्ड, विमानतळावर नोकरीला. पोरगा सरळ होता, पेट्रिशियाकडे बघताना आपल्याला कोणी बघतंय याचं भान त्याला राहायचं नाही. मेबलबाय खूश होती. आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या गेटवरचा हरेश्वर, जो आमच्याच बाजूचा आगरी आणि त्याच बावीचं पाणी पिऊन वाढलेला, संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. चपला काढून, मान खाली घालून. त्याने सांगितलं की महिनाअखेर बाव बुजवणार, तिथे गोडाऊन बांधायचंय.

मेबलबायने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "लगीन त्याच्या आदी हाय. माझ्या पोरीचं पानी होऊन जाऊंदे."

हे पाणी म्हणजे यांच्या लग्नातली मुख्य गोष्ट. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या आणि गावच्या बायका लाल लुगडी नेसून, बँड लावून, वाजतगाजत विहिरीवर जातात. मेणबत्ती लावतात, प्रार्थना म्हणतात, पाणी शेंदून घरी आणतात, आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. पाड्यातली प्रत्येक मुलगी त्याच बावीच्या पाण्याने नवरी झाली होती. बाहेरून आलेल्या सुनांनाही पहिल्या दिवशी बावीवर नेऊन हात लावायला लावायचे. मेबलबाय स्वतः वसईकडची, तिलाही तिच्या सासूने नेलं होतं. "त्या दिवशी मी हितली झाले," ती सांगायची. "पाद्र्यानं लगीन लावलं ते कॉस्मसशी. गावाशी लगीन बावीवर लागलं."

पेट्रिशिया शिकलेली, समजूतदार. ती म्हणाली, "मम्मी, नळाचं पाणी घेऊ ना. फादर आशीर्वाद देतील. कशाला त्यांच्या पाया पडायचं?"

"नळाला मी ओळखत नाय," मेबलबाय म्हणाली. "तो कुटून येते, कुनाच्या घरून येते, काय ठावं. पोरीला मी अनोळखी पान्यानं धाडू?"

आम्ही तिघं कंपनीत गेलो. ती, मी आणि हे. मॅनेजर जयवंत राजाध्यक्ष म्हणून होते, चष्मा, पांढरा शर्ट, बोलणं अगदी मऊ. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मेबलबायने सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बाई, मला तुमचं पटतं. पण आत मशिनरी आहे, वायरिंग उघडं पडलंय, बायकापोरं, बँड, कोणाला काही झालं तर मी काय उत्तर देऊ? वरून परवानगी मिळणार नाही. मला माफ करा." वाईट बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. माझी जीभ शिवशिवत होती, पण त्या माणसाने चहा पाजला होता.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "आता?"

"आता काय? लगीन हाय. आमी बँड घेऊन गेटपर्यंत येनार. उघडलं तर उघडलं. नाय उघडलं तर तिथंच बसू."

"आणि लग्न?"

"पानी नाय तर आंघोळ नाय. आंघोळ नाय तर मी पोरीला देवळात कशी नेऊ?" तिचा आवाज बारीक झाला. "वसुबाय, त्यांनी शेत नेलं, मी काय बोलले नाय. कॉस्मस गेला, काय बोलले नाय. माझ्या पोरीला आपलं गाव सोडताना आपलं गाव भेटू नये?"

ह्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालू लागले.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपार कलल्यावर अंगणात मांडव भरला. मोठमोठ्या कढयांत फुगे तळले जात होते, मसाल्याचा खाट उठला होता. बायका लाल लुगडी नेसून तयार होत्या, नाकाडोळ्यांत खाट जाऊन सगळ्याच डोळे पुसत होत्या, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नाही ते कळत नव्हतं. बँडवाले क्रूसाजवळ उभे. मेबलबायच्या हातात पितळी हंडी. तिने मला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, "तुझी कळशी घेऊन ये." मी म्हटलं होतं, मी कशाला, मी काय तुमच्यातली आहे का. तिने कळशी घासायला चिंच हातात ठेवली होती. म्हणून मी माहेरची कळशी घेऊन, जरा अवघडून, कडेला उभी होते.

आम्ही निघणार एवढ्यात कंपनीच्या बाजूने हातगाडी आली. दोन कामगार ढकलत होते. गाडीवर एक ड्रम, नवा कोरा, घासूनपुसून लख्ख, आणि त्याच्या गळ्यात चक्क झेंडूची माळ. ड्रममधलं पाणी काठापर्यंत हिंदकळत होतं. कामगारांनी गाडी मांडवात आणून लावली. एकजण म्हणाला, "साहेबांनी पाठवलंय. तुमच्या विहिरीचंच आहे, आमच्यासमोर काढलं. लग्नाच्या शुभेच्छा सांगितल्यात. गाडी न् ड्रम तेवढे रिकामे झाले की परत पाठवा, स्टोअरचे आहेत." आणि दोघे नमस्कार करून गेले.

क्लॅरिनेटवाल्याने तोंडाशी नेलेली क्लॅरिनेट खाली केली. पेट्रिशियाचा चेहरा उजळला, ती म्हणाली, "बघ मम्मी, आलं पाणी. ते पण त्याच बावीचं. आता तर झालं ना?"

मेबलबाय ड्रमजवळ गेली. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "तिचंच हाय," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून राहिली. हंडी मांडीवर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण राग काढायचा कोणावर? त्या माणसाने मनापासून केलं होतं. ड्रमला माळसुद्धा घातली होती. मेबलबायही तेच म्हणाली, "चांगुलपनानं केलं गो त्यानं. आता गेटवर जाऊन बसू कशी? त्याचा अपमान होईल." वाट लागली होती ती अशी. नकारावर तिच्याकडे उपाय होता, चांगुलपणावर नव्हता.

हे मागच्या दारातून आले. बोटांना शाई, शर्टाची एक बाही वर, एक खाली. ड्रमकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता हे काहीतरी अवघड बोलणार आणि मी जमिनीत जाणार. पण हे मेबलबायसमोर उकिडवे बसले आणि अगदी हळू म्हणाले, "पाणी तेच आहे, मेबलबाई. थेंबन्‌थेंब तेच. पण ते आपल्याकडे आलंय. आपण तिच्याकडे गेलो नाही. पाणी गाडीवर घालून आणता येतं, ठिकाण आणता येत नाही. तिथे जावं लागतं."

मेबलबायने मान वर केली. "सर, पुन्ना बोला."

ह्यांनी पुन्हा सांगितलं. इतकी वर्षं मटार सोलताना मी ऐकलं होतं आणि एका कानाने सोडून दिलं होतं, ते त्या दिवशी मला लख्ख समजलं. हे माणूस नुसतं लिहीत बसत नव्हतं, ह्याला या बाईचं दुःख नेमकं कुठे आहे ते कळलं होतं. मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि मी तो तिथल्या तिथे दाखवला, म्हणजे त्यांच्या बाहीची घडी सारखी केली.

मेबलबाय ड्रमकडे बघत होती. मग तिने मला विचारलं, "वसुबाय, माझं ताट तू कदी रिकामं धाडलंस?"

"नाही."

"आनि मी?"

"मीठ घालून पाठवलं होतंस. पण रिकामं नाही."

"मंग कंपनीचं भांडं मी रिकामं कसं धाडू?"

ती उठली. काय त्या बाईचं उठणं होतं. पदर खोचला आणि सगळ्या मांडवाला कामाला लावलं. ड्रममधलं पाणी हंड्यापातेल्यांत काढलं. "ह्या पान्यात उद्याचा भात शिजंल. धाडलेलं पानी वाया नाय जानार, सगळा गाव जेवंल त्याच्यावर. पन पोरीच्या आंघोळीचं मी सोता आननार." मग ड्रम कोरडा पुसून आत केळीची पानं लावली. तिने तिचे फुगे ओतले. ते तळाशी कुठेतरी गेले. मग शेजारणींनी आपापल्या घरातून टोपल्या आणल्या. मी आत जाऊन बोरिवलीकरांसाठी केलेल्या चकल्यांचा डबा आणून उपडा केला. ड्रम निम्म्याच्या वर भरला. त्यावर केळीचं पान, आणि पानावर पुन्हा तीच झेंडूची माळ.

"चला," मेबलबाय म्हणाली. "शेजाऱ्याचं भांडं द्यायला जायचंय."

बँड सुरू झाला. पुढे बँड, मागे हातगाडी, तिच्यामागे लाल लुगड्यांतल्या बायका हंड्या-कळश्या घेऊन. हातगाडी कोण ढकलत होतं? आमचे हे आणि नवरा मुलगा एडवर्ड. एडवर्ड खरं तर लग्नाचे बूट दाखवायला आला होता आणि त्याने पाण्याच्या वेळी तिथे असणं रीतीत बसत नव्हतं, पण गाडीला हात हवे होते. पोरांना तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस घामाने भिजून फुग्यांची गाडी ढकलतोय, आणि चेहऱ्यावर असा आनंद जसा मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

गेटवर हरेश्वर. त्याने आम्हाला येताना बघितलं आणि त्याचं त्यालाच कळेना की हसावं की शिट्टी मारावी. मेबलबाय म्हणाली, "हरेश्वर, तुज्या सायबाचं भांडं परत आनलंय."

"मेबलबाय, गाडी हितंच ठेवा, मी आत नेतो."

"ज्याचं भांडं त्याच्या घरात नेऊन ठेवायचं. उंबऱ्यावर टाकून जायला आमी काय भांडलोय?"

हरेश्वर आत गेला आणि राजाध्यक्षांना घेऊन आला. शनिवारची पाळी सुटायची वेळ, कामगारही मागे गोळा झाले. राजाध्यक्षांनी बँड बघितला, बायका बघितल्या, रिकाम्या कळश्या बघितल्या. त्यांच्या लक्षात सगळं आलं. ते म्हणाले, "बाई, मी पाणी पाठवलं होतं ना?"

"पोचलं. लाख उपकार. उद्या त्याच पान्यात भात शिजंल, तुमी जेवायला या." मेबलबायने केळीचं पान बाजूला केलं. गरम फुग्यांचा वास गेटमधून आत गेला. "हे तुमच्या कामगारांना. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाय."

राजाध्यक्ष ड्रममध्ये बघत राहिले. त्यांनी नको म्हणायला हात वर केला होता, तो तसाच राहिला आणि मग खाली आला. आमच्यातही देत नाहीत, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण प्रत्येकाच्या घरी असं एखादं ताट फिरलेलं असतंच.

"हरेश्वर, दार उघड," ते म्हणाले.

हरेश्वरने छोटं दार उघडलं. गाडी त्यातून जाईना.

"मोठं उघड रे."

मोठं गेट उघडलं. राजाध्यक्ष मेबलबायकडे वळले. चष्मा काढून पुसत म्हणाले, "स्टोअर विहिरीच्या पलीकडे आहे. तिकडूनच जावं लागेल. वायरी आहेत, उजव्या बाजूने चाला, पोरांचे हात धरा." मग बँडवाल्यांना म्हणाले, "आत मशीनचा आवाज फार आहे. जरा जोरात वाजवा."

मला त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, पण वाटलं.

बाव तशीच होती. कंपनीने कडेने हिरवळ केली होती, पंप बसवला होता, पण काठाचे दगड तेच, आणि दगडांवर दोर घासून पडलेल्या खाचा. मेबलबायने हंडी खाली ठेवली आणि एकेका खाचेवरून बोट फिरवलं. पेट्रिशिया, जी नळाचं पाणी घेऊया म्हणाली होती, ती आईच्या शेजारी उभी राहिली आणि तिनेही न सांगता खाचेत बोट घातलं. मेणबत्त्या लागल्या. बायकांनी नमो मारियेची प्रार्थना म्हटली. हरेश्वर टोपी काढून उभा होता. कामगारांनी हातातले फुगे तसेच धरले होते.

मग मेबलबायने हंडीला दोर बांधला, आणि लुगड्याच्या ओटीतून एक पुरचुंडी काढली. तिच्यात तांदूळ होते. तिच्या खाचरातल्या शेवटच्या पिकाचे. खाचर म्हणजे आम्ही उभे होतो त्याच्या पलीकडे, जिथे आता मशीन चालत होतं तिथलं. तिने ते तांदूळ हंडीत घातले आणि हंडी विहिरीत सोडायला पेट्रिशियाच्या हातात दोर दिला.

पेट्रिशिया म्हणाली, "मम्मी, हंडीत तांदूळ कशाला?"

मेबलबाय काठावर ओणवी झाली होती. ती विहिरीकडे बघतच बोलली, मोठ्याने नाही, पण मी शेजारी होते, मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"आमी हिच्यात जलमभर रिकामं भांडं सोडलं गो. हिनं एक डाव पन कुनाचं भांडं रिकामं परत नाय दिलं."

पेट्रिशियाने दोर सोडला. हंडी पाण्याला लागल्याचा आवाज आला, आणि पोर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून तिला बिलगली. दोघींनी मिळून हंडी वर ओढली. मग मेबलबायने डोळे पुसले आणि मला हाक मारली, "वसुबाय, कळशी आन."

"अगं, मी इथली कुठे?"

"नळ यायच्या आदी काय प्यायचीस? हेच पानी तुझ्या पोटात हाय. तू कुटली मंग?"

मी दोर धरला, पाणी काढलं, कळशी काठावर ठेवली, आणि मेबलबायच्या गळ्यात पडून रडले. परत येताना मी तिचा हात धरला होता, ती एकदम थकल्यासारखी झाली होती. पेट्रिशियाची आंघोळ झाली, दुसऱ्या दिवशी लग्न झालं, राजाध्यक्ष जेवायला आले आणि दोनदा भात मागून घेतला. त्या गडबडीत माझ्या लक्षातच आलं नाही की कळशी बावीच्या काठावरच राहिली.

महिनाअखेर बाव बुजवली. राजाध्यक्षांच्या हातात ते नव्हतं, वरून आलेलं होतं. ट्रकने डबर आलं, दिवसभर धडधड चालू होती. मेबलबाय दारात उभी राहून सबंध दिवस बघत राहिली, आत गेली नाही. मी तिच्याशेजारी उभी होते. हेही कॉलेजात गेले नाहीत.

संध्याकाळी राजाध्यक्ष आले. गाडीने नाही, हातगाडी पाठवून नाही. गेटपासून पाड्यापर्यंत चालत, दोन्ही हातांत कळशी धरून, पाणी सांडू नये म्हणून अगदी सांभाळून. पांढरा शर्ट पोटावर भिजला होता. आधी मेबलबायसमोर उभे राहिले. म्हणाले, "पहिला ट्रक यायच्या आधी मी स्वतः जाऊन काढलं." मेबलबायने कळशीला हात लावला, मग तोच हात कपाळाला लावला, आणि माझ्याकडे बोट केलं.

ते माझ्याकडे वळले, आणि जरा गोंधळले. माझ्या वडिलांनी कळशीवर नाव कोरून घेतलं होतं, नावाखाली गावसुद्धा, त्यांना मोठा अभिमान होता. राजाध्यक्षांनी ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

"हरेश्वर म्हणाला बावपाड्यातल्या बाईंची आहे. पण हिच्यावर तर गिरगाव लिहिलंय."

मी कळशी घेतली. जड होती, काठोकाठ भरलेली.

"कळशी गिरगावची आहे," मी म्हटलं. "मी बावपाड्याची."